गंजी हळूहळूच उघडायची

शनिवारी, २० सप्टेंबर २०२५ ला, जळगावला समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे माझं बाविसावं सेशन झालं. पुढची तारीख लिहून घ्यायला मी नेहमीसारखी डायरी काढली, तर त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला गरज वाटेल तेव्हा फोन करा." म्हणजे एका अर्थाने झालं. जानेवारीत मी रात्र रात्र मोबाईलवर एक लेख शोधत होतो. कोणत्या खिडकीसमोर उभं राहायचं, पैसे किती लागतात, आत गेल्यावर काय विचारतात, रडू आलं तर काय करायचं, एवढं साधं सांगणारा. मराठीत मला तो सापडला नाही, म्हणून आता स्वतःच लिहितो आहे.

मी धरणगावकडचा. वय ४४. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सतरा वर्षांपासून हिशेब बघतो. काट्याच्या पावत्या, आवक, शेतकऱ्यांची देणी. २१ फेब्रुवारी २०२४, बुधवार, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या आवारात कापसाच्या गंजीला, म्हणजे रचलेल्या ढिगाला, आग लागली. कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेला तरी ठिणगी पडते, कधी वायरिंगमधून पडते. आमच्याकडे नेमकं काय झालं ते पंचनाम्यातही ठरलं नाही. शेजारच्या गंजीवर ताडपत्री होती. ती ओढून काढा, असं मी ऑफिसच्या दारातून ओरडलो. नाना धावले. नाना आमच्याकडचे सगळ्यात जुने हमाल, साठीला आलेले. तेवढ्यात वारा फिरला. सहा दिवसांनी, २७ तारखेला, नाना दवाखान्यात वारले.

आज हे मी आठ-दहा ओळींत लिहू शकलो. यातलं "मी ओरडलो" हे वाक्य तोंडातून बाहेर यायला मला चौदा महिने लागले.

आगीनंतर पोलिसांचा जबाब झाला, विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला, मालकांनी विचारलं, नातेवाइकांनी विचारलं. किती वाजता, कोण कुठे उभं होतं, बंब किती मिनिटांनी आला. प्रत्येकाला मी न अडखळता सांगत गेलो आणि प्रत्येक वेळी ते एक वाक्य गिळत गेलो. कोणी ते विचारलंही नाही. मार्च संपायच्या आत मी परत खुर्चीवर बसून पावत्या फाडत होतो. सगळे म्हणाले, माणूस खंबीर आहे.

घरी मात्र वेगळं चाललं होतं. रात्री दोनला उठून मी गॅसचा रेग्युलेटर बघायचो. बंद आहे हे बघितलेलं असायचं, तरी परत उठायचो. चार-चार वेळा. धुतलेल्या शर्टालाही जळक्या कापसाचा वास यायचा, बायकोला कधीच यायचा नाही. बेरजा चुकायला लागल्या. सतरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती अशी एका शेतकऱ्याच्या पावतीतली रक्कम मी दोनदा चुकीची लिहिली. नानांच्या दशक्रियेला गेलो होतो, त्यानंतर त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. घरी जाताना लांबच्या रस्त्याने वळून जायचो. २०२४ ची दिवाळी आतल्या खोलीत पंखा पूर्ण जोरात लावून काढली, फटाक्यांचा आवाज येऊ नये म्हणून.

नोव्हेंबरमध्ये छातीत धडधड सुरू झाली. नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ३०० रुपये. मग टूडी इको, १,८०० रुपये. दोन्ही नॉर्मल. त्यांनी झोपेच्या दहा गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका. त्या गोळ्या संपल्यावर मी मेडिकलमधून तशाच आणखी आणल्या. हे मी चुकीचं केलं. कोणी करू नये, त्यांची सवय लागते. माझी आई म्हणाली, नजर लागली आहे. तिने मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. तो धूर नाकात गेला आणि मी घराबाहेर पळालो, अनवाणी, पार रस्त्यापर्यंत. आई दारात उभी राहून रडत होती. तिच्या मायेत काही खोट नव्हती, तिला माहीत नव्हतं एवढंच. मलाही कुठे माहीत होतं?

९ जानेवारी २०२५ ची रात्र. थंडी चांगलीच होती. माझा मुलगा, वय चौदा, मित्रांबरोबर अंगणात शेकोटी करून बसला होता. मी जेवून बाहेर आलो आणि त्या जाळावर लाथ मारली. जळती लाकडं मुलांच्या अंगाजवळून उडाली. मी काय ओरडत होतो ते मला आजही आठवत नाही. आठवतो तो मुलाचा चेहरा. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले होते. आपल्याच बापापासून वाचायला. माझा तळपाय भाजला होता, तेही मला अर्ध्या तासाने कळलं.

बायको पायाला मलम लावत होती. म्हणाली, "अहो, आता आपण दोघं कोणाला तरी विचारू या." आपण दोघं म्हणाली, म्हणून मी हो म्हटलं. ती "तुम्ही जा" म्हणाली असती तर मी गेलो नसतो.

आमच्या गावातल्या आशाताईंकडून बायकोने नंबर आणला, १४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि पैसे लागत नाहीत. ११ तारखेला रात्री साडेदहाला गच्चीवर जाऊन फोन लावला. भाषा निवडायला सांगतात, मी मराठी निवडली. पलीकडे एक मुलगी होती, आवाज शांत. मी "झोप येत नाही" एवढंच म्हटलं आणि गप्प बसलो. तिनेही घाई केली नाही. मग तिने सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का?" मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, करून घ्यावंसं वाटत नाही, पण सकाळ होऊ नये असं वाटतं. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत. ऐकून घाबरली नाही, उपदेशही केला नाही. साधारण पंचवीस मिनिटं बोललो. शेवटी तिने सांगितलं की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे आधी दाखवा. जे वाचत आहेत आणि आज रात्री ज्यांना सकाळ होऊ नये असं वाटतंय, त्यांनी हा लेख इथेच ठेवून तो नंबर लावावा. लेख नंतरही वाचता येईल.

१६ जानेवारीला, गुरुवारी, आम्ही दोघं जळगावला गेलो. पहाटेची एसटी पकडली, बायकोचं अर्धं तिकीट. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत पाऊण तास गेला. केसपेपर २० रुपये. आधार कार्ड सोबत ठेवा आणि आधीचे सगळे रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. मला पाकीट आठवलं नाही, त्यामुळे कोणती झोपेची गोळी घेत होतो ते सांगता आलं नाही. खिडकीवरच्या माणसाने "कोणता विभाग?" म्हणून मोठ्याने विचारलं. मागे आमच्याच भागातली दोन माणसं उभी होती. मी गप्प झालो. बायको पुढे झाली आणि म्हणाली, "मानसोपचार." जेवढ्या आवाजात त्याने विचारलं तेवढ्याच आवाजात. त्या एका शब्दासाठी मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

ओपीडीबाहेर अडीच तास बसलो. शेजारी यावलकडचे एक केळीवाले शेतकरी, एक नवी बाळंतीण आणि तिची आई, एक कॉलेजचा मुलगा. सगळी आपल्यासारखीच माणसं. माझा नंबर लागला तेव्हा आधी एक छापील कागद भरून घेतला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. माझे १७ आले. मग डॉक्टर दहा-बारा मिनिटं बोलले. ते म्हणाले, हा आघातानंतरचा ताण आहे, पीटीएसडी म्हणतात, त्यासोबत नैराश्यही आहे. घटना संपली तरी शरीराला ती संपल्याचं कळलेलं नसतं, म्हणून वासाने, आवाजाने ते परत पळायला लागतं. त्यांनी एक गोळी सुरू केली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मेडिकलमधून परस्पर आणायची चूक मी एकदा केली आहे. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गोळीबरोबर नियमित समुपदेशन हवं, असंही म्हणाले. तिथे समुपदेशक होत्या, चांगल्या होत्या, पण दारात गर्दी एवढी की दहा मिनिटांच्या वर कोणालाच देता येत नव्हती. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी तिथलं सोडू नये, तिथे ओळख झाली की दर वेळी तेच माणूस भेटावं असं सांगता येतं. मी खासगी शोधायचं ठरवलं.

पहिला शोध फसला. ओळखीतून एका समुपदेशकांकडे गेलो, ८०० रुपये. बसल्या बसल्या ते म्हणाले, "मनात साठलंय ते सगळं बाहेर काढा, आत्ताच, मी ऐकतोय." मी सांगायला लागलो. हात थरथरत होते, ते बघत होते, पण म्हणाले, थांबू नका. शेवटी म्हणाले, पुरुषासारखा पुरुष तुम्ही, मुलाकडे बघून खंबीर व्हा. बाहेर आल्यावर बस स्टँडवर उलटी झाली. पुढचे तीन दिवस कामावर गेलो नाही. मला वाटलं, समुपदेशन म्हणतात ते हेच आणि ते आपल्याला झेपणारं नाही. आज कळतं की माझी ताकद कमी पडली नव्हती, पद्धत चुकली होती. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर कृपा करून त्यावरून सगळ्यांची पारख करू नका.

पुढच्या वेळी मी आधी फोनवरच विचारलं. शिक्षण काय, आगीसारख्या घटनेतून गेलेल्या लोकांबरोबर काम केलं आहे का, आणि पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागेल का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून ती बघता येते. मी बघितली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी असं दिलं: "नाही. कधीच सगळं सांगितलं नाहीत तरी आपण काम करू शकतो. काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं." फी ७०० रुपये, पन्नास मिनिटं, शनिवारी सकाळी. फोनवरचं सेशन ५००.

८ फेब्रुवारी २०२५, पहिलं सेशन. खोलीत तीन खुर्च्या होत्या. मॅडम म्हणाल्या, कुठली हवी ती घ्या, हलवायची असेल तर हलवा. मी दार समोर दिसेल अशी घेतली. त्यांनी विचारलं, दार लोटलेलं चालेल का, पंख्याचा आवाज चालेल का. टेबलावर पाण्याचा तांब्या, खिडकीत मनीप्लांट. अगरबत्ती नव्हती. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं तेव्हा कळलं, तिथे कोणासाठीच लावत नाहीत, कारण कोणाला कशाचा वास नको असेल ते आधी माहीत नसतं. समोरच्यावर आघात झालेला असू शकतो हे धरून काम करण्याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड म्हणतात, त्यावर मी नंतर पुष्कळ वाचलं. माझ्यासाठी त्याचा अर्थ ती हलवता येणारी खुर्ची.

त्यांनी एक कागद वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. बोललेलं कोणाला सांगितलं जाणार नाही. माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला किंवा कोर्टाने मागितलं तर तेवढं सांगावं लागेल, आणि तेही शक्यतो मला आधी कळवून. मला मालकांची भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, हे त्यांनीच सांगितलं. मग आमची एक खूण ठरली. मी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. त्या पहिल्या तासात मी तो दोनदा ठेवला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. दुसऱ्या वेळी मला रडू आलं. आगीमुळे नाही, कोणीतरी थांबलं म्हणून.

त्या म्हणाल्या, तुमचं काय बिघडलं आहे हे मला शोधायचं नाही, तुमच्यावर काय गुदरलं आणि त्यातून तुम्ही कसे तगलात ते समजून घ्यायचं आहे. रेग्युलेटर चारदा बघणं हे वेड नाही, घराचं रक्षण करण्याची मनाची धडपड आहे, ती आता गरजेपेक्षा जास्त चालू राहिली आहे. वर्षभर मी स्वतःला ज्या गोष्टीसाठी कोसत होतो तिला कोणी रक्षण म्हणावं, हे ऐकून मी नुसता बसून राहिलो.

पहिली चार सेशन आगीबद्दल एक शब्द झाला नाही. मला जरा पैसे वाया जात आहेत असंही वाटलं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. पाय जमिनीवर टेकवून टाचेखालची फरशी जाणवून घ्यायची. घाबरायला झालं की दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक, अशा मोजायच्या. वासाच्या दोनपाशी माझं गाडं अडायचं, जळका कापूसच यायचा. मॅडम म्हणाल्या, आवडीचा तिखट वास कोणता? मी म्हटलं, ओवा. तेव्हापासून शर्टाच्या खिशात ओव्याची पुडी असते. चिमूटभर चावायचा. एसटीत, काट्यावर, कुठेही कोणाला काही कळत नाही. २१ फेब्रुवारीला वर्ष झालं, तो दिवस मी ओव्यावर आणि बायकोबरोबर शेताच्या बांधावर चालण्यात काढला. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या तारखेच्या आसपास शरीर आपोआप बिघडतं, आपण मागे चाललो असं समजू नका. त्यांनी ते सांगितलं नसतं तर मी त्या आठवड्यात सगळं सोडून दिलं असतं.

पाचव्या सेशनला, ८ मार्चला, त्यांनी मला विचारलं, कापसाच्या गंजीची आग विझवतात कशी? हे मला माहीत होतं. मी सांगत गेलो. वरून पाणी मारलं की जाळ बसतो, पण आत धुमसत राहतं, दोन-दोन दिवस. वरून काळी साय धरलेली दिसते, हात लावला तर गरम. म्हणून गंजी उघडावीच लागते. पण एकदम फोडली तर आत हवा जाते आणि परत भडका उडतो. म्हणून पाण्याचा पाईप हातात तयार ठेवायचा, एका कडेने थोडा थोडा कापूस ओढायचा, पसरायचा, भिजवायचा, मग पुढचा थर. सांगता सांगता मीच थांबलो. मॅडम काही बोलल्या नाहीत. चार शनिवार आम्ही पाईप जोडत होतो, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या पहिल्या माणसाने काय केलं होतं, तेही.

१३ मार्चच्या होळीची तयारी आम्ही दोन सेशन करत होतो. ठरल्याप्रमाणे मी गल्लीच्या तोंडाशी, होळीपासून लांब उभा राहिलो, मुलगा शेजारी. पाच मिनिटांचं ठरलं होतं. तिसऱ्या मिनिटाला पाय गेले तसं मी खाली बसलो. मुलाने माझ्या खिशातून पुडी काढून हातावर ओवा ठेवला. त्याला जानेवारीतल्या रात्रीबद्दल मी आधी सगळं सांगितलं होतं, माफीही मागितली होती. हेही मॅडमच्याच सांगण्यावरून, आणि काय बोलायचं ते त्यांच्यासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं.

मग आलं १९ एप्रिल. मला मराठीत सांगताच येत नव्हतं. जबाबात दिला तोच तो मजकूर तोंडातून यायचा, पाठ केल्यासारखा. मॅडमनी विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही नानांशी कोणत्या भाषेत बोलायचात? अहिराणीत, अर्थातच. "मग अहिराणीतच सांगा, मला कळते." मी डोळे मिटले नाहीत, त्यांनी मिटू नका म्हणून सांगितलं होतं, समोरच्या मनीप्लांटकडे बघत बोललो. आणि ते आलं. "नाना, ताडपत्री वढा!" जसं ओरडलो होतो तसंच, त्याच आवाजात. बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं असेल. वर्षभर जे घशात होतं ते अहिराणीत होतं, आणि मी ते मराठीत शोधत होतो. ज्यांची घरची बोली वेगळी आहे त्यांनी समुपदेशकाला ती कळते का, हे जरूर विचारावं.

त्या "तुमची काही चूक नाही" असं म्हणाल्या नाहीत. तसं बायको म्हणाली होती, मित्र म्हणाले असते, आणि ते मनाला लागलंच नसतं. त्यांनी मला कोरा कागद दिला. पुढच्या दोन शनिवारी मी आवाराचा नकाशा काढला. ऑफिसचं दार, काटा, दोन्ही गंज्या, पाण्याची टाकी, किती पावलं. मग शेजारी दोन रकाने. डावीकडे, "पावणेसातला मला माहीत होतं." उजवीकडे, "नंतर कळलं." हिशेबाचं काम मला येतं. डावीकडे आलं: शेजारची गंजी पेटली तर सगळं आवार जाईल. आत बायका सरकी भरत होत्या. नाना ताडपत्रीच्या सगळ्यात जवळ होते. वारा पश्चिमेकडून होता. उजवीकडे आलं: वारा फिरला. वर्षभर मी उजवा रकाना डावीकडे धरून रोज बेरीज करत होतो. खतावणीत अशी चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मला पाच मिनिटांत सापडली असती. दुःख त्या कागदाने गेलं नाही. नाना गेले ते गेलेच. पण रात्री दोनला जो माणूस मला उठवून विचारायचा, तो त्यानंतर रोज येईनासा झाला.

१९ एप्रिलनंतरच्या तीन रात्री मात्र वाईट गेल्या. एवढ्या मोठ्या सेशननंतर दुसऱ्या दिवशी काम ठेवू नका. मी रविवार मोकळा ठेवायचो म्हणून निभावलं. त्याच दिवशी गर्दीच्या एसटीतही बसू नका, जमल्यास तासभर कुठेतरी शांत बसा, पोटात काही घाला. मी स्टँडजवळ भरीत-भाकरी खाऊन मगच निघायचो.

मे महिन्यात मी परत एक चूक केली. बरं वाटत होतं, ऊन ४४ अंशांवर, ओपीडीला जायचा कंटाळा आला, गोळ्या संपल्या आणि आणल्याच नाहीत. चौथ्या दिवशी चक्कर, चिडचिड, स्वप्नं. ओपीडीतले डॉक्टर रागावले नाहीत, परत सुरू करून दिल्या आणि सांगितलं, थांबवायच्या तेव्हा दोघं मिळून हळूहळू थांबवू. गोळ्या अजून चालू आहेत, मात्रा निम्मी झाली आहे.

खर्चाचं स्पष्ट लिहितो, कारण मला तेच कुठे मिळालं नव्हतं. २२ सेशनपैकी १९ समोरासमोर, तीन फोनवर. १३,३०० आणि १,५०० मिळून १४,८०० रुपये, आठ महिन्यांत. गोळ्या बऱ्याचदा सरकारी रुग्णालयात मिळाल्या, नव्हत्या तेव्हा बाहेरून महिन्याला साधारण ३८० रुपये. एसटीचं भाडं त्याच जानेवारीत वाढलं होतं, ते वेगळं. जूनमध्ये पेरणी आणि मुलाच्या शाळेची फी एकत्र आली तेव्हा मी मॅडमना सरळ सांगितलं की दर आठवड्याला जमणार नाही. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या, काम थांबत नाही. पैशाचं सांगायला लाजून सेशन बुडवू नका.

ऑगस्टमध्ये परत तो नऊ प्रश्नांचा छापील कागद भरला. ६ आले. रेग्युलेटर मी अजून बघतो, झोपताना एकदा. गणेश चतुर्थीला आमच्याकडे कापूस खरेदीचा मुहूर्त करतात. २७ ऑगस्टला पहिली बैलगाडी आली, काट्याची पूजा झाली, आरतीच्या ताटातल्या ज्योतीपासून मी हातभर अंतरावर उभा होतो. ओवा खिशात होता, काढावा लागला नाही.

नानांच्या घरी जायचं मात्र राहिलं होतं. मी मॅडमना म्हटलं, नानींपुढे सगळं कबूल करायचं आहे. त्यांनी विचारलं, ते ऐकून नानींनी काय करावं असं तुम्हाला वाटतं? मी दोन सेशन त्यावर विचार केला. माफ केलं असं म्हणण्याचं ओझं मी त्या बाईवर टाकायला निघालो होतो. मग विचारलं, त्यांना माझा काय उपयोग होईल? चौकशी केली तर कळलं की कामगार भरपाईचा अर्ज झालेलाच नाही. कोणी मदतच केली नव्हती. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे हा अर्ज मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करायचा होता. म्हणजे फेब्रुवारी २०२६.

१४ सप्टेंबरला, रविवारी, मी त्या गल्लीत गेलो. मृत्यूचा दाखला, दवाखान्याची कागदं, हजेरीच्या चिठ्ठ्या, नानींनी सगळं एका पिशवीत जपून ठेवलं होतं. मी पडवीत बसून तारखेप्रमाणे लावत होतो. आत नानींनी चहासाठी चूल पेटवली. धूर पडवीत आला. माझा हात थांबला, पाय मी जमिनीवर टेकवले. नानी दारात आल्या.

"धूर लागस का, भाऊ?"

"थोडा लागस," मी म्हटलं.

त्यांनी खाट उचलून दाराकडे सरकवली, आणि मी पिशवीतला पुढचा कागद काढला.